व्हॅनीव्हार बुश

व्हॅनीव्हार बुश (११ मार्च १८९० – २८ जून १९७४) हे अमेरिकेतील विद्युत अभियंते, संशोधक आणि विज्ञान-प्रशासक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील लष्करी उपयोगाच्या वैज्ञानिक संशोधनाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. संगणकशास्त्राच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव प्रामुख्याने 'मेमेक्स' या काल्पनिक यंत्रामुळे घेतले जाते. एका व्यक्तीची पुस्तके, पत्रे, टिपणे आणि नोंदी एका मेजात साठवून त्या परस्परांशी जोडण्याची सोय या यंत्रात कल्पिलेली होती. काम करताना माणसाने कोणते कागद पाहिले, ते कसे जोडले आणि निष्कर्षापर्यंत तो कोणत्या मार्गाने पोहोचला, याची नोंद कामाच्या ओघातच व्हावी व ती पुढे त्याला आणि इतरांनाही वापरता यावी, हा या कल्पनेचा गाभा होता. मेमेक्स कधीच तयार झाले नाही. तरीही हायपरटेक्स्ट, वैयक्तिक संगणक आणि वैयक्तिक नियोजनाची सॉफ्टवेअर यांच्या पूर्वेतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

बालपण आणि शिक्षण

बुश यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील एव्हरेट येथे झाला. त्यांचे वडील पेरी बुश हे युनिव्हर्सलिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. आईचे नाव एमा लिनवुड पेन. बुश यांना दोन थोरल्या बहिणी होत्या. 'व्हॅनीव्हार' हे नाव जॉन व्हॅनीव्हार या कौटुंबिक स्नेह्यावरून ठेवण्यात आले होते. १८९२ मध्ये हे कुटुंब जवळच्या चेल्सी गावी राहण्यास गेले. लहानपणी बुश यांची प्रकृती वारंवार बिघडत असे. गणितात त्यांना चांगली गती होती.

शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी टफ्ट्स महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९१३ मध्ये पदवी व पदव्युत्तर पदवी एकाच वेळी मिळवली. विद्यार्थिदशेतच त्यांनी जमिनीच्या चढउताराचा आलेख काढणारे एक उपकरण तयार केले. सायकलच्या दोन चाकांमध्ये बसवलेली ही पेटी गवत कापण्याच्या यंत्राप्रमाणे ढकलत नेली, की जमिनीची उंची व कापलेले अंतर यांचा आलेख आतील कागदावर आपोआप उमटत असे. एरवी सर्वेक्षकाला ठिकठिकाणी थांबून मापे घ्यावी लागत, ती टिपून ठेवावी लागत आणि नंतर त्यांवरून आलेख काढावा लागे. या उपकरणात चालणे आणि नोंद करणे या दोन्ही गोष्टी एकदमच होत. १९१२ च्या अखेरीस त्याचे एकस्व (पेटंट) मिळाले, पण ते विकत घेण्यास एकही कंपनी पुढे आली नाही. चांगले यंत्र तयार केले म्हणजे ते वापरात येतेच असे नाही, हा धडा आपल्याला या अपयशातून मिळाला, असे बुश यांनी उत्तरायुष्यात नमूद केले आहे.

पदवीनंतर त्यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत विद्युत उपकरणांच्या चाचणीचे काम केले. कारखान्यात आग लागल्यानंतर ती नोकरी सुटली. पुढे टफ्ट्सशी संलग्न असलेल्या जॅक्सन या महिला महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले आणि ब्रुकलिन येथील नौदलाच्या गोदीत विद्युत निरीक्षक म्हणूनही काही काळ काम केले. १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) आणि हार्वर्ड विद्यापीठ यांची अभियांत्रिकीतील संयुक्त डॉक्टरेट त्यांना मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा विवाह फीबी डेव्हिस यांच्याशी झाला. या दांपत्याला रिचर्ड आणि जॉन असे दोन पुत्र झाले.

पहिल्या महायुद्धात बुश यांनी पाणबुड्यांचा शोध घेणारे चुंबकीय उपकरण विकसित केले. लाकडी जहाजावर ते नीट चालत असे. धातूच्या जहाजांवर मात्र ते निरुपयोगी ठरले आणि युद्धात त्याचा लाभ झाला नाही. संशोधक आणि ते संशोधन प्रत्यक्ष वापरणारे सैनिक यांच्यात सुरुवातीपासून संपर्क असणे आवश्यक आहे, हे त्यांचे मत या अनुभवातून बनले.

एमआयटीमधील कार्य

१९१९ मध्ये बुश एमआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात रुजू झाले. विल्यम टिंबी यांच्यासह त्यांनी लिहिलेले विद्युत अभियांत्रिकीचे पाठ्यपुस्तक १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लॉरेन्स मार्शल आणि चार्ल्स स्मिथ यांच्याबरोबर ते एका कंपनीच्या स्थापनेत सहभागी झाले. या कंपनीने तयार केलेल्या निर्वात नलिकेमुळे घरगुती रेडिओ महागड्या बॅटऱ्यांऐवजी घरातील विजेवर चालवणे शक्य झाले. पुढे ही कंपनी रेथिऑन या नावाने प्रसिद्धीस आली.

वीजवाहक जाळ्यांच्या अभ्यासात किचकट अवकल समीकरणे सोडवावी लागत आणि हाताने आकडेमोड करण्यात महिनेच्या महिने जात. यावर उपाय म्हणून बुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डिफरन्शियल ॲनालायझर' हे यंत्र उभारले. १९३१ मध्ये ते पूर्ण झाले. त्यात तबकडी आणि चाक यांनी बनलेले ६ समाकलक (इंटिग्रेटर) होते. लांब दांडे व दंतचक्रे यांच्या साह्याने ते एकमेकांना जोडले जात. प्रत्येक समीकरणासाठी ही जोडणी नव्याने करावी लागे आणि उत्तर आलेखाच्या रूपाने कागदावर उमटत असे.

हे यंत्र शिकवण्याचे साधनही ठरले. त्याच्या देखभालीसाठी नेमलेल्या एका कारागिराचे गणिताचे शिक्षण बेताचेच होते. दांडे फिरवता फिरवता आणि जोडण्या करता करता अवकल समीकरणे म्हणजे काय, याची त्याला चांगलीच जाण आली. बुश यांनी आपल्या आठवणींत या कारागिराचा कौतुकाने उल्लेख केला आहे. याच यंत्रावर काम करण्यासाठी १९३६ मध्ये क्लॉड शॅनन हा तरुण विद्यार्थी एमआयटीत आला. यंत्राच्या नियंत्रणासाठी वापरलेल्या विद्युत रिलेंचा अभ्यास करताना बुलीय बीजगणित त्यांना लागू पडते, हे त्याच्या लक्षात आले. त्यावर लिहिलेला १९३७ चा त्याचा प्रबंध अंकीय परिपथांच्या शास्त्राचा पाया ठरला.

१९३२ मध्ये बुश एमआयटीचे उपाध्यक्ष आणि अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता झाले. या दशकात त्यांचे लक्ष आकडेमोडीकडून नोंदींकडे वळले. संशोधनपर लेखांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि हवा तो लेख वेळेवर सापडणे दुरापास्त होत चालले होते. १९३८ पासून त्यांच्या मार्गदर्शनाखाली 'रॅपिड सिलेक्टर' या यंत्रावर काम सुरू झाले. यात कागदपत्रांची सूक्ष्म छायाचित्रे फिल्मवर घेऊन प्रत्येकाशेजारी ठिपक्यांच्या स्वरूपात सांकेतिक नोंद केलेली असे. फिल्म वेगाने सरकत असताना प्रकाशविद्युत घट हवे ते संकेत ओळखी आणि तेवढीच पाने वेगळी काढून देई. या प्रयोगाला ईस्टमन कोडॅक आणि नॅशनल कॅश रजिस्टर या कंपन्यांनी साहाय्य केले. युद्ध सुरू झाल्यामुळे तो अपुरा राहिला.

युद्धकाळातील नेतृत्व

१९३९ च्या आरंभी बुश वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेचे अध्यक्ष झाले. युरोपात युद्ध पेटल्यावर अमेरिकेतील वैज्ञानिक आणि लष्कर यांच्यात समन्वय साधणारी यंत्रणा नाही, याची चिंता त्यांना वाटू लागली. १२ जून १९४० रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची भेट घेऊन जेमतेम एका पानाचा प्रस्ताव मांडला. काही मिनिटांतच त्याला मंजुरी मिळाली आणि त्या महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय संरक्षण संशोधन समिती स्थापन झाली. जून १९४१ मध्ये तिच्यावर अधिक अधिकार असलेले वैज्ञानिक संशोधन व विकास कार्यालय निर्माण झाले व बुश त्याचे संचालक झाले.

सरकारी प्रयोगशाळा वाढवत नेण्याऐवजी विद्यापीठे व उद्योग यांना करारावर संशोधन सोपवण्याची पद्धत या कार्यालयाने रूढ केली. सूक्ष्मतरंग रडार, लक्ष्याजवळ पोहोचताच आपोआप स्फोट घडवणारा प्रॉक्झिमिटी फ्यूज, पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अशी अनेक कामे त्याच्या आश्रयाखाली पार पडली. ९ ऑक्टोबर १९४१ रोजी रूझवेल्ट यांच्याशी झालेल्या बैठकीत अणुबाँबविषयक संशोधनाला गती देण्याचा निर्णय झाला. १९४२ मध्ये हे काम लष्कराकडे सोपवण्यात आले, तरी त्यावरील धोरणात बुश यांचा सहभाग कायम होता. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेली पहिली अणुचाचणी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली.

या कार्यालयाने सुमारे ६,००० वैज्ञानिकांना कामास लावले होते. वेगवेगळ्या विषयांतील माणसे प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने एकत्र काम करत होती. गुप्ततेच्या नियमांमुळे मात्र एका गटाला दुसऱ्या गटाचे काम ठाऊक नसे. युद्ध संपताच ही माणसे आपापल्या विद्यापीठांत परतणार होती. त्यांनी मिळवलेले ज्ञान कसे टिकवायचे आणि इतरांपर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा बनला होता.

मेमेक्सची कल्पना

जुलै १९४५ मध्ये 'अटलांटिक मंथली' या मासिकात बुश यांचा 'ॲज वी मे थिंक' हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला मसुदा त्यांनी १९३९ च्या सुमारासच तयार केला होता. १० सप्टेंबर १९४५ च्या 'लाइफ' साप्ताहिकात त्याची संक्षिप्त सचित्र आवृत्ती आली.

निबंधाचा रोख ज्ञानाच्या विपुलतेकडे नव्हता; ते वापरण्याच्या पद्धतीकडे होता. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेले मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम ज्यांना समजले असते अशा लोकांपर्यंत पोहोचले नाहीत आणि पुढील पिढीला ते नव्याने शोधावे लागले, हे उदाहरण त्यांनी दिले. ग्रंथालयातील वर्गीकरणात एक वस्तू एकाच जागी असते आणि तिथे जाण्यासाठी वर्ग, उपवर्ग अशा पायऱ्या उतराव्या लागतात. मानवी मन मात्र एका गोष्टीवरून तिच्याशी संबंधित दुसऱ्या गोष्टीकडे झेप घेते. नोंदींची मांडणीही अशाच साहचर्याच्या तत्त्वावर व्हावी, असे बुश यांचे प्रतिपादन होते.

मेमेक्स हे त्यांच्या कल्पनेनुसार एका मेजाएवढे यंत्र होते. वरच्या बाजूला दोन तिरपे पडदे, बटणांचा पट आणि काही तरफा. आत सूक्ष्म छायाचित्रांच्या फिल्मवर साठवलेला संग्रह. पुस्तके, नियतकालिके व वृत्तपत्रे फिल्मवर तयार मिळतील आणि यंत्रात घातली जातील. हाताने लिहिलेले टिपण, पत्र किंवा छायाचित्र पारदर्शक काचेवर ठेवून तरफ दाबली, की त्याचेही चित्र संग्रहात जमा होईल. कपाळावर बसवता येणारा लहानसा कॅमेरा आणि बोललेले शब्द टंकलिखित करणारे यंत्र यांचीही कल्पना निबंधात आहे. संशोधकाला हातातील काम न थांबवता नोंद करता यावी, हा त्यामागील हेतू होता.

यंत्राचे खरे वैशिष्ट्य जोडणीत होते. दोन पडद्यांवर दोन पाने समोरासमोर आणून वापरकर्त्याने एक कळ दाबली, की ती पाने कायमची जोडली जात. अशा जोडण्यांच्या मालिकेला नाव देऊन ती संकेतवहीत नोंदवता येई. या मालिकेला बुश यांनी पाऊलवाटेची उपमा दिली. धर्मयुद्धांच्या काळात आखूड तुर्की धनुष्य लांब इंग्रजी धनुष्यापेक्षा सरस का ठरले, याचा शोध घेणारा अभ्यासक त्यांनी उदाहरणादाखल घेतला. तो विश्वकोशातील लेख, इतिहासग्रंथातील उतारा आणि लवचीकतेवरील भौतिकशास्त्रीय तक्ते एकापुढे एक जोडत जातो, मध्ये स्वतःची टिपणेही घालतो. काही वर्षांनी नव्या गोष्टींना लोकांचा विरोध का होतो, यावर मित्राशी बोलणे चालू असताना हीच पाऊलवाट त्याला उपयोगी पडते. तो तिची प्रत काढून मित्राला देतो आणि मित्र ती आपल्या संग्रहात जोडून घेतो. एका कामासाठी केलेली खटपट अशा रीतीने वेगळ्याच कामाला उपयोगी पडते.

वकिलाला आपले व सहकाऱ्यांचे पूर्वीचे अभिप्राय, वैद्याला जुन्या रुग्णांच्या इतिहासातील साम्यस्थळे, एकस्व-तज्ज्ञाला मंजूर झालेली एकस्वे आणि रसायनशास्त्रज्ञाला संयुगांविषयीचे सारे साहित्य अशाच मार्गाने हाताशी राहील, असे बुश यांनी सुचवले. इतरांसाठी उपयुक्त पाऊलवाटा आखून देणारा एक नवा व्यवसायच उदयाला येईल, असेही त्यांना वाटत होते. गुरूकडून शिष्याला मिळणाऱ्या वारशात तयार निष्कर्षांच्या जोडीला ते उभारताना वापरलेला सारा डोलाराही असेल, ही त्यांची अपेक्षा होती.

युद्धोत्तर काळ

जुलै १९४५ मध्येच बुश यांनी 'सायन्स, दि एंडलेस फ्रंटियर' हा अहवाल राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना सादर केला. मूलभूत संशोधनाला सरकारने सातत्याने अर्थसाहाय्य द्यावे, अशी शिफारस त्यात होती. या संस्थेवर नियंत्रण कोणाचे असावे, यावर बरीच वर्षे वाद झाला. १९४७ मध्ये संसदेने संमत केलेले विधेयक ट्रूमन यांनी नाकारले आणि अखेर १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याचे अंतिम स्वरूप बुश यांच्या मूळ आराखड्यापेक्षा बरेच वेगळे होते.

१९४९ मध्ये त्यांचे 'मॉडर्न आर्म्स अँड फ्री मेन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या व्यवहार्यतेविषयी त्यांनी व्यक्त केलेली शंका पुढील दशकातच चुकीची ठरली. १९५४ मध्ये रॉबर्ट ऑपेनहायमर यांच्या निष्ठेविषयी चौकशी झाली, तेव्हा बुश यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली आणि मतभेदाबद्दल एखाद्याची चौकशी करण्याच्या प्रकारावर कठोर टीका केली. १९५५ मध्ये ते कार्नेगी संस्थेतून निवृत्त झाले. त्यानंतर मर्क या औषध कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९६३ चे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना देण्यात आले.

मेमेक्सचा विचार त्यांनी सोडला नाही. १९५९ मध्ये त्यांनी या विषयावर दुसरा निबंध लिहिला. तो त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. १९६७ च्या 'सायन्स इज नॉट इनफ' या पुस्तकात त्यांनी जुन्या कल्पनेचा नव्याने आढावा घेतला. या उत्तरकालीन लेखनात यंत्राने मालकाच्या सवयींवरून स्वतःच शिकावे, वारंवार वापरल्या जाणाऱ्या पाऊलवाटा ठळक कराव्यात, तसेच पित्याचे मेमेक्स पुत्राला वारशाने मिळून त्याने तेथून पुढे काम सुरू करावे, असे विचार आढळतात. १९७० मध्ये 'पीसेस ऑफ दि ॲक्शन' हे त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रकाशित झाले. पत्नी फीबी यांचे १९६९ मध्ये निधन झाले होते. २८ जून १९७४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील बेलमाँट येथे बुश यांचे निधन झाले.

प्रभाव

१९४५ मध्ये फिलिपाइन्समध्ये नौदलात असलेल्या डग्लस एंगेलबार्ट या तरुण तंत्रज्ञाने रेड क्रॉसच्या एका छोट्या वाचनालयात बुश यांचा निबंध वाचला. १९६२ मध्ये मानवी बुद्धीला यंत्राची जोड देण्याविषयीचा आराखडा तयार करताना त्यांनी बुश यांना पत्र लिहून आपले ऋण कळवले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी माउस, पडद्यावरील संपादन आणि परस्परांना जोडलेले दस्तऐवज यांचे प्रात्यक्षिक दाखवले. १९६५ मध्ये हायपरटेक्स्ट हा शब्द रूढ करणारे टेड नेल्सन यांनीही बुश यांचा प्रभाव मान्य केला आहे.

पुढे वैयक्तिक संगणकावर टिपणे, कामांच्या याद्या, पत्ते आणि भेटीच्या वेळा एकत्र ठेवणारी सॉफ्टवेअर आली. १९८८ मध्ये बाजारात आलेल्या 'लोटस अजेंडा' या प्रणालीत वापरकर्त्याला आधी रचना ठरवावी लागत नसे. मनात येईल ती ओळ तो लिहून ठेवी आणि तिच्यातील शब्दांवरून प्रणाली तिला योग्य त्या गटांत घाली. एकच नोंद अनेक गटांत दिसू शके. एक वस्तू एकाच जागी ठेवणाऱ्या वर्गीकरणाविषयी बुश यांनी घेतलेल्या आक्षेपाचे व्यवहारातील एक उत्तर या रचनेत दिसते.

टीका आणि मर्यादा

बुश यांनी आपल्या निबंधात पूर्वसुरींचा उल्लेख केला नाही. ड्रेस्डेन येथील इमानुएल गोल्डबर्ग यांनी फिल्म व प्रकाशविद्युत घट यांवर चालणारे शोधयंत्र १९३१ च्या सुमारासच तयार केले होते. बेल्जियमचे पॉल ऑतले यांनी लक्षावधी पत्रिकांचे सूचिसंग्रह उभारून १९३४ च्या आपल्या ग्रंथात दूरस्थ वाचनाच्या मेजाची कल्पना मांडली होती. ग्रंथालयशास्त्रातील सूचीकरणाच्या परंपरेलाही त्यांनी पुरेसा न्याय दिला नाही, असे अभ्यासकांचे मत आहे. अंकीय संगणकाची क्षमता ओळखण्यात ते मागे पडले, अशीही टीका होते. १९४५ चे मेमेक्स सर्वस्वी फिल्म आणि तरफा यांवर आधारलेले होते.

वर्ल्ड वाइड वेबचे मूळ मेमेक्समध्ये आहे, असे अनेकदा म्हटले जाते. मात्र या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. वेबपृष्ठावरील दुवे सामान्यतः ते पृष्ठ लिहिणारा घालतो. मेमेक्समधील पाऊलवाट वाचणारा माणूस आपल्या कामासाठी आखतो, इतरांच्या पानांतूनही ती नेतो आणि स्वतःपाशी ठेवतो. वाचकाच्या हातातील ही जोडणी अनेक प्रणालींत आजही दुय्यमच राहिली आहे. शिवाय मेमेक्समध्येही प्रत्येक जोडणीसाठी वापरकर्त्याला क्षणभर थांबून कळ दाबावी लागणार होती आणि मालिकेला नाव द्यावे लागणार होते. कामाच्या घाईत हे तेवढे कष्ट कोण घेईल, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर निबंधात नाही. विद्यार्थी असताना तयार केलेल्या दोन चाकांच्या उपकरणात चालणाऱ्याला नोंदीसाठी वेगळे काही करावे लागत नव्हते. मालकाच्या सवयींवरून शिकणाऱ्या यंत्राची कल्पना मांडताना बुश यांचा विचार पुन्हा त्याच दिशेने वळलेला दिसतो.